अप्पांची चाल

लग्नाला जायचं असो की कुणाच्या घरी जागरण-गोंधळाला, आमचे अप्पा सगळ्यांच्या आधी निघतात. मांडवात खुर्च्या लागायच्या आत ते जाऊन बसलेले असतात. अक्षता पडतात, पंगती उठतात, मांडववाला खुर्च्या गोळा करायला लागतो, तरी अप्पा जागचे हलत नाहीत. नव्या माणसाला वाटतं, केवढी हौस या गृहस्थाला! मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. खरं कारण पुढं कळलं. चारचौघांच्या देखत चालायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता.

अप्पा म्हणजे माझे थोरले दीर, दत्तोबा. लहानपणी पोलिओनं त्यांचा डावा पाय गेला. गेला म्हणजे आहे जागेवर, पण त्यात जोर नाही. डावं पाऊल टेकलं की डावा हात मांडीवर दाबायचा, कमरेत वाकायचं, आणि मग उजवा पाय पुढं घ्यायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस पावलागणिक कुणाला तरी नमस्कार करत चाललाय. लग्नाचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "सप्तपदी चालायची असती बाबा, बसून हुती का?" आणि स्वतःच हसायचे. आम्हाला काही त्यात हसू यायचं नाही.

आमची वस्ती सांगवीच्या शिवारात. अप्पा पाणीवापर संस्थेचे पाटकरी. कालव्याचं पाणी फाट्याला आलं की आज कुणाच्या उसाला, उद्या कुणाच्या वांग्या-टोमॅटोला, हे पाळीप्रमाणं सोडायचं काम त्यांचं. फाट्यापर्यंत लुनावर जायचं, तिथं लुना बाभळीला टेकवायची आणि खांद्यावर फावडं टाकून चारीच्या भरावरून, म्हणजे पाटाच्या कडेच्या मातीच्या बांधावरून, पायी निघायचं. असल्या पायाचा माणूस असलं काम कसं करतो, असं पाहुणेमंडळी विचारतात. मीही एकदा विचारलं. म्हणाले, "बाई, भरावर कोन बघतंय? तितं मी मोकळा आस्तो."

मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून भावजय असूनही मला ते 'बाई'च म्हणतात. असो. भरावर कोण बघतंय, हा अप्पांचा समज मात्र साफ चुकीचा. सगळं शिवार बघत असतं. आता पाळीचा मेसेज फोनवर येतो, पण मेसेजवर विश्वास ठेवून कुणी बारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, उभं राहत नाही. उसाच्या कडेला उभं राहून माणसं भराकडं बघतात. एवढ्या लांबून तोंड ओळखू येत नाही, चाल तेवढी येते. वाकत-उठत येणारं ते माणूस दिसलं की बायका खुरपी ठेवतात आणि म्हणतात, "चला, अप्पा आलं, पानी आलं." हे अप्पांना कुणी कधी सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं? म्हणजे त्यांच्या चालीचं नाव काढावं लागणार.

एकदा ते निघालं होतं, नको त्या पद्धतीनं. शाळेच्या गॅदरिंगला मोठ्या पोरांनी एक नाटुकलं बसवलं होतं. त्यात पाटकऱ्याचं सोंग घेतलेला एक पोरगा मांडीवर हात दाबत, वाकत-उठत रंगमंचावर आला. तोंडातून शब्द काढायच्या आधीच अख्खा मांडव हसून लोळला. अप्पा पहिल्या रांगेत बसले होते. आमच्या राजेश्वरीचा, माझ्या लेकीचा, नाच होता म्हणून ते ऊन उतरायच्या आधीच येऊन बसले होते. तेही हसले थोडे. मग मांडव सुटेपर्यंत तसेच बसून राहिले, आणि त्यानंतर शाळेच्या, कॉलेजच्या कुठल्याही कार्यक्रमाला आले नाहीत. पोरीनं किती हट्ट केले, रुसली, जेवली नाही. त्यांचं आपलं ठरलेलं उत्तर, "पानी सोडायचं हाय." मला त्या पोरांचा राग यायचा, आणि खोटं कशाला बोलू, त्या हसणाऱ्या मांडवाचा त्याहून जास्त यायचा. त्यातले निम्मे लोक अप्पांनी सोडलेल्या पाण्यावर ऊस काढत होते.

बसून करायच्या गोष्टीत मात्र अप्पांचा हात कुणी धरणार नाही. एकादशीला देवळात भजन असतं, तिथं ते राजे. आवाज असा की माईक नसला तरी कालव्यापलीकडं जावा. एकाच अभंगाला ते चार-चार चाली लावतात, आणि कुठली चाल कुठल्या वेळेला शोभते यावर मृदंग वाजवणाऱ्या सोनबाशी तासन्‌तास वाद घालतात. 'चाल' या शब्दाला आमच्या घरात एवढाच अर्थ होता. दुसरा अर्थ कुणी उच्चारत नव्हतं.

राजेश्वरी माझी एकुलती एक. लहानपणापासून अप्पांच्या लुनावर पुढं उभी राहून फाट्यावर जायची. तीन वर्षांची असताना एकदा मी भाकरी घेऊन गेले, तर भरावर पुढं अप्पा आणि मागं ही, डावा हात मांडीवर, वाकत-उठत. तिला वाटत होतं, कालव्यावर असंच चालायचं असतं. मी धपाटा घालणार तेवढ्यात अप्पाच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. तिला कुटं म्हाईत हाय." त्यांना चालताना बघायची मुभा जगात एवढ्या एकाच माणसाला होती.

ही पोरगी पुढं बारामतीला ॲनिमेशनच्या कोर्सला गेली. गावात कुणी विचारलं तर दीपकराव, म्हणजे माझे यजमान, सांगायचे, "कार्टून शिकतीया." विचारणारा विषय बदलायचा. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं स्वतःची छोटी फिल्म करायची असते, आणि ती कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवायची असते. तिची फिल्म तीन मिनिटांची. मला वाटलं, दोन दिवसांत होईल. पण एक पाऊल टाकायचं तर डझनभर चित्रं, आणि तीही पाटीवर काढल्यासारखी एकेक करून. जानेवारीत घरी कॉम्प्युटरपुढं बसली ती उन्हाळा लागला तरी पोरीची मान वर येईना. मनगटाला क्रेप बँडेज बांधून चित्रं काढायची.

एका रविवारी चहा द्यायला गेले तर पडद्यावर एक पांढरा बगळा चालत होता. कोरडं ठक्क रान, भेगा पडलेलं, आणि त्यातून हा बगळा चाललाय. त्याच्या मागं, त्याच्या पावलांच्या मागोमाग, पाणी येतंय. पाणी आलं की भेगा मिटतायत. रानात बारं धरताना पाण्याबरोबर बगळे येतात, ते आम्ही रोज बघतो. हिनं उलटं केलं होतं, बगळ्याबरोबर पाणी. मी कौतुकानं बघत होते आणि बघता बघता कप खाली ठेवून पुढं वाकले. बगळा डावा पंख मांडीवर दाबत होता, वाकत होता, उठत होता.

"अगं, हे अप्पा आहेत!"

"आई, बगळाय तो."

"मला नको शिकवू. मी यांना उसाच्या पल्याडून ओळखते, हितं तर दोन हातावर हायेत."

पोरीचं तोंड उतरलं. तिला खरंच वाटत होतं, चोच लावली, पिसं लावली, की माणूस ओळखू येणार नाही. शिवारात वाढलेली पोर, आणि हे विसरली! गच्चीवरून मोबाईलवर तिनं अप्पांचं चालणं चोरून घेतलं होतं आणि त्यावरून चित्रं काढली होती. सरांनी आधी सांगितलं होतं म्हणे, सरळ चालणारा पक्षी कर, काम सोपं होईल. मग ही चाल बघितल्यावर तेच म्हणाले, आता हिला हात लावू नकोस.

"सरांचं सोड," मी म्हटलं. "ते गॅदरिंग आठवतंय ना? अप्पांना वाटलं की घरच्या पोरीनंबी तेच केलं, तर ते आपल्या दारातनं सुद्धा चालायचे बंद होतील. आधी त्यांना विचार. नाही म्हणाले तर पुसून टाक सगळं."

पुसून टाक म्हटल्यावर तिचे डोळे भरले. मलाही वाईट वाटलं. पण अप्पांपुढं मला फिल्मबिल्म काही नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा ओट्यावर टाळांना नवी दोरी ओवत बसले होते. ही त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि धीर करून म्हणाली, "अप्पा, माझ्या फिल्ममधी मी तुमची चाल घेतलीया. घेऊ ना? तुमाला वाईट न्हाय ना वाटणार?"

अप्पांच्या हातातली दोरी थांबली. "माजी चाल?"

"व्हय."

"आन्‌ ती मोठ्या पडद्यावर लावनार?"

"व्हय. सरांना लई आवडलीया."

अप्पांनी टाळ बाजूला ठेवले. मग उपरण्यानं डोळे पुसून म्हणाले, "घे की पोरी. वाईट कशापायी वाटंल? माज्या मागं ती कुटं तरी ऱ्हायली तर बरंच हाय की."

पोरगी धावत आत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मीही रडले. देवापुढं साखर ठेवली. आपण उगाच त्या माणसाला नाजूक समजत होतो असं वाटलं.

तो आनंद दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टिकला. मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होते, राजेश्वरी ताटं घेत होती, आणि ओट्यावर सोनबा आले. अप्पांनी त्यांना बातमी दिली. सोनबा म्हणाले, "मंग कंची चाल घेतलीया पोरीनं? गौळनीची का भूपाळीची?"

"कंची का आसंना," अप्पा म्हणाले. "मला वाटतं, ती लांब तानंची आसंल. तिला ती ल्हानपणापासनं आवडती."

राजेश्वरीच्या हातातलं ताट खाली पडलं. अप्पा आत बघून हसले, "हळू गं, आता मोटी मानसं झालासा तुमी."

गावात ही बातमी पाण्यासारखी पसरली. अप्पांची चाल बारामतीत पडद्यावर ऐकायला मिळणार! भजनी मंडळानं पिकअप ठरवली. शेजारच्या धोंडाबाईंनी, ज्यांनी आयुष्यात सिनेमाचं थेटर बघितलं नव्हतं, नवं लुगडं बाहेर काढलं. आणि अप्पा, जे इतकी वर्षं शाळा-कॉलेजच्या कुठल्या कार्यक्रमाला आले नव्हते, ते स्वतः येणार होते. आपल्या गाण्याला लोक मान देणार म्हणून येणार होते.

मी पोरीला म्हटलं, "सरळ जाऊन सांग."

"मी न्हाय. तू सांग."

"मग एक कर, त्यात त्यांचं गाणं घाल. तेही खूश, लोकही खूश."

तर म्हणते, "गाणं घातलं की सगळं ध्यान कानात जातं, आई. चालणं कुणी बघणारच नाही." म्हणजे गाणं घालायची तयारी नाही आणि खरं सांगायचीही नाही. कलावंत घरात असला की काय होतं ते मला त्या आठवड्यात कळलं. शेवटी तिनं काय केलं, तर सगळी फिल्म आरशात धरल्यासारखी उलटी करून टाकली. बगळा या बाजूनं येत होता तो त्या बाजूनं यायला लागला, आणि अधू पाय डाव्याचा उजवा झाला. मोठा शोध लावल्यासारखं मला दाखवून म्हणाली, "आता हे अप्पा नाहीत." मी कपाळाला हात लावला. पाय बदलून माणूस बदलतो होय?

मग मीच सांगायचं ठरवलं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अप्पांच्या खोलीत गेले. ते धोतराच्या निऱ्या घालत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, टोपी ही बरी दिसतीया का ती? पोरीला खाली बघायला लागाय नगो." मी म्हटलं, "ही." आणि तशीच बाहेर आले.

कार्यक्रम दुपारी होता. अप्पांच्या हिशेबानं आम्ही इतक्या लवकर पोचलो की शिपाई हॉल झाडत होता. अप्पा पुढच्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेच्या खुर्चीवर बसले. हळूहळू हॉल भरला. विद्यार्थी, त्यांचे आईबाप, इंदापूरकडची काही मंडळी. आमच्या दोन रांगा फेट्या-टोप्यांनी पांढऱ्या झाल्या होत्या. पहिल्या काही फिल्म रॉकेटच्या, रोबोटच्या, एक मोबाईलच्या नादी लागलेल्या मुलाची. सोनबा दर फिल्मला विचारायचे, "हीच का?" मग राजेश्वरीचं नाव पुकारलं आणि अंधार झाला.

बगळा आला. गाणं नव्हतं. पाण्याची झुळझुळ आणि ओढत येणाऱ्या पावलाचा खर्र, खर्र आवाज, एवढंच. माझं पडद्याकडं लक्षच नव्हतं. मी अप्पांच्या पाठीकडं बघत होते. ते मान तिरकी करून कान देऊन बसले होते, चाल कधी सुरू होते याची वाट बघत.

आणि मागनं धोंडाबाई, त्यांना काय ठाऊक हळू बोलायचं, मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बया! पानी आलं की! अप्पा आलं!"

आमच्या दोन रांगांतून एकदम हुंकार उठला. "अप्पाच की!" "व्हय व्हय, भरावरनं आलं!" कुणी हसलं नाही. शिवारात जशी माणसं उठतात तसे दोघे-तिघे चक्क उठून उभे राहिले. पडद्यावर भेगा मिटत गेल्या, रान काळंभोर झालं, बगळा वाकत-उठत कडेपर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. अप्पांची मान सरळ झाली होती. बाकी ते हलले नाहीत.

दिवे लागले. टाळ्या पडल्या, बऱ्याच पडल्या, पण आमची माणसं एकमेकांकडं बघायला लागली होती. आता सगळ्यांना ते गॅदरिंग आठवलं असणार. राजेश्वरी भिंतीपाशी उभी होती, ओढणीचं टोक तोंडात धरून. चहाची सुटी जाहीर झाली. लोक उठायला लागले. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस हॉल रिकामा होईपर्यंत बसणार, मग मुकाट घरी जाणार, आणि परत कधी पोरीसमोर भरावर चालणार नाही.

अप्पांनी खुर्चीच्या पाठीला धरलं आणि उभे राहिले.

"राजे," त्यांनी भजनाच्या आवाजात हाक मारली. उठलेले लोक जागच्या जागी थांबले. "हिकडं ये. पाय चुकलाय."

ती दोन पावलं पुढं आली. "अप्पा…"

"माजा डावा हाय. तू उजवा केलायस."

"मुद्दाम केला, अप्पा. लोकांनी वळखू नये म्हणून."

"आन्‌ का वळखू नये?" अप्पा म्हणाले. "चाल माजी म्हनून सांगितलीस ना? मंग माजीच पायजे. ही तर दुसऱ्याच कुनाची झाली. बघ हिकडं."

आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, भरल्या हॉलमध्ये, अप्पा चालायला लागले. डावं पाऊल, डावा हात मांडीवर, वाकले, उठले, उजवं पाऊल. दारापर्यंत गेले आणि तिथून वळून परत आले. घाई केली नाही. फरशीवर तोच खर्र आवाज होत होता. लोक अंग चोरून वाट देत होते. राजेश्वरी त्यांच्या बरोबरीनं चालत होती, आणि रडत होती, आणि रडता रडता त्यांच्या पायाकडं नीट बघतही होती. पोरगी धंद्याची पक्की आहे.

तिनं फिल्म त्याच आठवड्यात परत सुलटी केली. आता डावाच पाय आहे.

त्या दिवशी परत येताना पिकअपमध्ये सोनबा कसनुसे बसले होते. त्यांच्या मनातलं जाईना. शेवटी म्हणालेच, "अप्पा, सगळं झ्याक झालं. पर चाल काय ऐकू आली न्हाय."

अप्पा बाहेर कालव्याकडं बघत होते. म्हणाले, "ऐकायची नव्हती सोनबा. बघायची हुती."